उभी राहिली की तापते

पळत असली की गार, उभी राहिली की तापते. माझ्या गाडीचं सगळं दुखणं या एका वाक्यात मावत होतं. ते वाक्य नीट ऐकू यायला मात्र मला दोन उन्हाळे लागले.

गाडी म्हणजे हॉट रॉड, जुन्या घाटाच्या बॉडीत जोरदार इंजिन बसवून वेगासाठी घडवलेली. १९३२ सालच्या फोर्डच्या घाटाची पत्र्याची बॉडी, खाली नवी चॅसी, पुढे शेवरोलेचं ३५० क्युबिक इंचांचं व्ही-एट इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा अशी गाडी रस्त्यावर पाहिली, तेव्हा ती दिसण्याआधी ऐकू आली होती. त्या आवाजाने मला जागच्या जागी उभं केलं. पुढे बऱ्याच वर्षांनी, सहा हिवाळे गॅरेजमध्ये घालवून, मी माझी गाडी उभी केली. वेल्डिंग शिकलो, वायरिंग शिकलो, रंगाखालचा प्रायमर हाताने घासून घासून बोटांचे ठसे पुसट झाले. या गाडीतला एकही बोल्ट असा नाही, जो मी किमान दोनदा फिरवलेला नाही.

आणि पहिल्याच चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत तिने पाणी टाकलं.

मिरवणूक म्हणजे माणसाच्या चालीने जायचं. दहा पावलं पुढे, थांबा, पुन्हा दहा पावलं. पुढे शाळेचा बँड, मागे अग्निशमन दलाचा जुना बंब. पहिल्या दहा मिनिटांत काटा १८० अंश फॅरनहाइटवरून २१० वर गेला, पुढच्या पाचात २३० वर. मग ओव्हरफ्लोच्या नळीतून शिट्टीसारखा आवाज आला आणि पुढच्या जाळीतून वाफेचा पांढरा लोट. रस्त्याच्या कडेला मुलं बसली होती. मी इंजिन बंद केलं, उतरलो आणि आधी त्यांना मागे सरकवलं. दाबाखालचं उकळतं पाणी काय करू शकतं हे मला माहीत होतं आणि माझे हात थरथरत होते. गाडी बंद पडल्याचं मला फारसं वाटलं नाही. पण माझ्या हाताने बनवलेल्या वस्तूपासून कुणाच्या तरी लेकराला धोका होता, ते फार लागलं. बायको शेजारच्या सीटवरून उतरली, तिने एका लहान मुलीचं बोट धरलं आणि तिला सावलीत नेऊन बसवलं. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्यानंतर मी केलं ते बहुतेक सगळे करतात तेच. पैसे खर्च केले. आधी रेडिएटर बदलला. तांब्या-पितळेचा काढून अ‍ॅल्युमिनियमचा, रुंद नळ्यांचा घातला. मग जास्त पाणी ढकलणारा वॉटर पंप. मग जास्त दाबाचं झाकण. झाकणाने पाणी गार होत नाही, फक्त उकळायचं लांबतं. दर पौंड दाबामागे उत्कलनबिंदू साधारण अडीच ते तीन अंश फॅरनहाइटने वर सरकतो. पंधरा पौंडांच्या झाकणाखाली साधं पाणी २१२ ऐवजी जवळजवळ २५० अंशांना उकळतं. सुरक्षेसाठी ते हवंच. पण काटा चढायचा तो चढतच होता.

मग कुणीतरी म्हणालं, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाक. काढला. गाडी सकाळी तापायला वेळ घेऊ लागली आणि सिग्नलला पूर्वीइतकीच तापू लागली. उलटा सल्लाही मिळाला: पाणी फार वेगाने फिरतंय, रेडिएटरमध्ये त्याला गार व्हायला उसंत मिळत नाही, तेव्हा प्रवाह अडव. हा समज फार जुना आहे आणि ऐकायला पटतोही. पण बंद चक्रात फिरणारं पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबत असेल, तर इंजिनमध्येही तेवढाच कमी वेळ थांबतं. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच वाहून नेली जाते, कमी नाही. थर्मोस्टॅटचं काम वेगळं आहे: इंजिन ठरावीक तापमानाच्या खाली जाऊ न देणं. १८० चा काढून १६० चा बसवला, तर तो लवकर उघडेल इतकंच. रेडिएटरकडून उष्णता बाहेर पडतच नसेल, तर उघडं दार काय करणार? मी १८० चाच पुन्हा बसवला. बसवताना त्याच्या चकतीत एक अष्टमांश इंचाचं बारीक भोक पाडलं, मागे अडकलेली हवा निसटावी म्हणून.

त्या हवेबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या गाडीत तिला दडायला जागा होती. ठेंगणी दिसावी म्हणून मी बॉडी चॅसीवर चार इंच खाली उतरवली होती. याला चॅनेलिंग म्हणतात. बॉडी उतरली की बॉनेट उतरतं, बॉनेट उतरलं की रेडिएटर आखूड करावा लागतो. परिणाम असा की रेडिएटरचं झाकण इंजिनवरच्या पाण्याच्या तोंडापेक्षा खाली गेलं. झाकणातून काठोकाठ पाणी भरलं तरी इंजिनच्या माथ्यावर हवेचा बुडबुडा राहायचा. हवा पाण्यासारखी उष्णता उचलत नाही, पंपाने ढकलली जात नाही, आणि काट्याचा सेन्सर तिच्यात सापडला तर काटाही भलतंच सांगतो. शेवटी मी सगळ्यात उंच जागी, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर, एक छोटी टाकी बसवली, झाकण तिच्यावर नेलं, आणि भरताना गाडीचं नाक जॅकवर उचलून बुडबुडे येणं थांबेपर्यंत वाट पाहत बसलो. गाडीचा तापण्यातला लहरीपणा याने गेला. एक दिवस २२०, दुसऱ्या दिवशी २४०, असं होणं थांबलं. आता ती रोज सारखीच तापायची. वाचणाऱ्याला ही प्रगती वाटणार नाही. मला वाटली, कारण सारखं वागणारं दुखणं मोजता येतं.

मोजायचं काम बायकोने घेतलं. मांडीवर वही, हातात पेन्सिल, नजर काट्यावर. "अरे, एकशे ब्याऐंशी. साठचा वेग. पाच मिनिटं झाली." मग आम्ही हमरस्ता सोडून गावात शिरायचो. "एकशे नव्वद. पहिला सिग्नल." "दोनशे चार. अजून लाल." "दोनशे पंधरा. चल, निघ इथून." पुन्हा हमरस्त्यावर आलो की तीन-चार मिनिटांत काटा १८० जवळ. आठ रविवारांची आकडेवारी वहीत भरली, तेव्हा एके रात्री तिनेच ती पानं माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "पळताना ही गाडी एकदाही तापलेली नाही. मग तू रेडिएटर का बदलतोयस?"

साठ मैलांच्या वेगाने जाताना इंजिन कितीतरी जास्त पेट्रोल जाळतं. पेट्रोलमधल्या उष्णतेचे ढोबळ तीन वाटे होतात. एक चाकांकडे जातो, एक सायलेन्सरमधून बाहेर पडतो, एक पाण्यात उतरतो. म्हणजे वेगात पाण्यात उतरणारी उष्णता सिग्नलपेक्षा कैक पट जास्त, आणि तरी काटा १८० वर शांत. याचा अर्थ रेडिएटर पुरेसा होता, पंप पुरेसा होता, नळ्या मोकळ्या होत्या. जो रेडिएटर मोठं ओझं उचलतो, तो छोट्या ओझ्याखाली वाकत असेल, तर दोष त्याच्या ताकदीत नाही. वेगात त्याला एक गोष्ट फुकट मिळत होती आणि उभ्याने मिळत नव्हती. वारा.

उलट ज्याची गाडी सिग्नलला गार असते आणि हमरस्त्यावर तापते, त्याने रेडिएटर, तुंबलेल्या नळ्या, दबणारी खालची होज यांच्याकडे पाहावं. हा भेद मला कुणी पहिल्या दिवशी सांगितला असता, तर जुना तांब्याचा रेडिएटर आजही गाडीत असता. तो दिसायलाही जास्त देखणा होता.

तेव्हा वारा शोधायला निघालो. साधन एकच, लोकरीच्या धाग्याचे बोटभर तुकडे. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, मधोमध आणि कडेकडेने, ते चिकटपट्टीने लावले. गाडी गॅरेजच्या दारात उभी करून इंजिन चालू ठेवलं, फॅन सुरू झाला, आणि मी टॉर्च घेऊन पुढे बसलो. मधले धागे आत ओढले जाऊन रेडिएटरला चिकटले. कोपऱ्यातले लोंबकळत राहिले. आणि वरच्या कडेचे, रेडिएटर आणि त्याच्या बाहेरच्या शेलमधल्या फटीजवळचे धागे माझ्याकडे उडत होते. पुढे! मी तिथे हात धरला. हेअर ड्रायरसारखी गरम हवा.

तो क्षण मी विसरणार नाही. फॅन रेडिएटरमधून हवा ओढून मागे टाकत होता. मागे इंजिन, दोन्ही बाजूंना बॉनेटचे बंद पत्रे, खाली गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचा गोतावळा. त्या तापलेल्या हवेला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ती फटीतून परत पुढे येत होती आणि फॅन तीच हवा पुन्हा आत ओढत होता. एकच हवा गोल गोल फिरत, दर फेरीला आणखी तापत. वेगात बाहेरचा वारा हा प्रकार मोडून काढायचा. गाडी थांबली की तो पुन्हा सुरू.

कोपऱ्यातल्या लोंबत्या धाग्यांचं कारण साध्या गणितात होतं. रेडिएटरची जाळी सतरा इंच रुंद, वीस इंच उंच, म्हणजे ३४० चौरस इंच. फॅन सोळा इंची. त्याचं वर्तुळ साधारण २०१ चौरस इंचांचं. फॅन थेट जाळीवर बांधलेला, त्यामुळे पाचातले जेमतेम तीन भाग त्याच्या पुढ्यात येत होते. बाकीचे दोन भाग मी विकत घेतलेले होते, पाण्याने भरलेले होते, आणि गाडी उभी असताना काहीच करत नव्हते. यावर उपाय श्राउड, म्हणजे जाळीच्या चारही कडा झाकून घेणारं आणि फॅनपाशी गोल होणारं पत्र्याचं खोकं. पण नुसता सपाट पत्रा जाळीला चिकटवून भागत नाही. मी आधी तसंच केलं होतं आणि कोपरे तसेच मेलेले राहिले. हवेला कोपऱ्यातून निघून फॅनकडे वळायला खोली लागते. दुसरा श्राउड मी दोन इंच खोल केला, आणि वेगात तोच अडसर होऊ नये म्हणून कोपऱ्यांत रबरी झडपा ठेवल्या. वाऱ्याच्या दाबाने त्या उघडतात, गाडी थांबली की मिटतात. शेल आणि रेडिएटरमधली फट अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि फोमने बंद केली. धागे पुन्हा लावले. सगळे आत.

मग वायरिंग. हा भाग थोडक्यात: आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, फॅनच्या टोकाशी मीटर लावला तर ११.८ व्होल्ट, वेगात १३.८. म्हणजे गरज सर्वात जास्त असताना फॅन सर्वात मंद. बारीक वायर, लांबून आणलेलं अर्थिंग आणि आयडलला पुरेसा करंट न देणारा ऑल्टरनेटर, तिघांचा वाटा होता. जाड वायर, रिले आणि कमी वेगातही भरपूर करंट देणारा ऑल्टरनेटर बसवल्यावर आकडा १३.५ वर आला. फॅनचा आवाज बदलला, हेच पुरेसं सांगत होतं.

एवढं होऊनही वीस मिनिटं उभी राहिली की काटा २१० ला भिडायचा. पूर्वीच्या मानाने पुष्कळ बरं. पण इंजिनच्या दोन्ही बाजूंचे एक्झॉस्टचे पाइप आयडलला जितके तापायला हवेत त्याहून जास्त तापत होते, आणि ते मला खटकत होतं. याचं उत्तर समजून घेताना मला फोर्डच्या मूळ इंजिनाची आठवण झाली.

१९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणारं व्ही-एट बाजारात आणलं. २२१ क्युबिक इंच, ६५ अश्वशक्ती. हॉट रॉडची सगळी संस्कृती त्या इंजिनावर उभी राहिली, आणि तापण्यासाठीही ते तितकंच प्रसिद्ध होतं. त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या धडात होते. जळालेला वायू बाहेर पडताना ब्लॉकच्याच पोटातून, पाण्याच्या कप्प्यांना लागून जायचा. प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरचा वायू तर एकाच वाटेने. म्हणजे जी उष्णता बाहेर फेकायची, तीच जाता जाता पाण्याला देऊन जायची. शिवाय १९३६ पर्यंत त्याचे पाण्याचे पंप वर हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, तोंडाशी होते, तापलेलं पाणी ओढणारे. १९३७ साली ते खाली ब्लॉकवर आले आणि गार पाणी आत ढकलू लागले.

माझ्या शेवरोलेत व्हॉल्व्ह वर आहेत, एक्झॉस्टची वाट आखूड आहे. पण मी स्वतःच त्याला तसलं दुखणं लावून ठेवलं होतं, टायमिंगमधून, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेतून. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतं. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण विरळ, त्यात मागच्या फेरीचा जळका वायू मिसळलेला. असं मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी बरीच आधी पडायला हवी. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम मिळाला की ती आधी पडते. पण माझ्या डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी कार्बुरेटरवरच्या अशा तोंडाला लावलेली होती, जिथे आयडलला व्हॅक्यूम पोचतच नाही. १९६० च्या दशकात अनेक गाड्यांत ही रचना आली ती धुरातले न जळलेले वायू कमी करण्यासाठी. ठिणगी उशिरा, एक्झॉस्ट जास्त गरम. त्यामुळे माझ्या इंजिनला आयडलला फक्त दहा अंश अ‍ॅडव्हान्स मिळत होता. ठिणगी तेवढीच आधी पडत होती. मिश्रण जळत असतानाच एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडायचा, आणि पिस्टनला ढकलायची ती आग हेडमधल्या वाटेच्या भिंतींना चाटत जायची. त्या भिंतींच्या पलीकडे पाणी.

नळी काढून थेट इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाला लावली. दुसरं काही केलं नाही. इंजिनचा सूर त्या क्षणी चढला, मला आयडलचा स्क्रू मागे घ्यावा लागला. टायमिंग लाइटमध्ये बावीस अंश. पाइपांची धग ओसरली. जिची किंमत शून्य अशी एक रबरी नळी, एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर. नवा रेडिएटर, नवा पंप, झाकणं, या सगळ्यांनी मिळून उभ्या गाडीला जे दिलं नाही, ते तिने दिलं. प्रत्येक इंजिनाला हाच उपाय चालेल असं मी म्हणणार नाही. तीव्र कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असलेल्या इंजिनाला आयडलला व्हॅक्यूमच कमी मिळतो, तिथे व्हॅक्यूमचा वेगळा डबा किंवा वेगळा आकडा लागतो. पण उभ्याने तापणाऱ्या गाडीत पाण्याकडे जाण्याआधी ठिणगीकडे पाहा, हे मी आता कुणालाही सांगेन.

बॉनेटच्या बाजूंचे पत्रे मात्र अजून होते. ते मी स्वतः घडवलेले, एकही छिद्र नसलेले, आरशासारखे सपाट. हवा आत येत होती, पण तिला जायला मोठी वाट हवी होती. पत्रे काढून एक रविवार हिंडलो आणि वहीत आकडा नऊ अंशांनी खाली आला.

त्या दिवशी पत्रे मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर, म्युरॉकसारख्या ठिकाणी, १९३० च्या दशकात मुलं जुन्या फोर्ड घेऊन जायची. मडगार्ड काढायची, बॉनेटही काढून टाकायची. वजन कमी व्हावं, वेग वाढावा. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून एक संघटना उभी केली, १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर दरवर्षीचा वेगाचा आठवडा सुरू झाला. तिथल्या कित्येक गाड्यांना तर रेडिएटरच नसतो, पाण्याची एक टाकी असते. काही मैलांची धाव, ती संपेपर्यंत टाकीतलं पाणी पुरतं. ही गाडी जन्मली ती थांबावं न लागण्यासाठी. तिच्या अरुंद जाळीमागे, आखूड रेडिएटरमागे, ठेंगण्या बॉनेटमागे सरळ रेषेत पळण्याचीच कल्पना आहे. आणि आपण तिला मिरवणुकीत नेतो, सिग्नलला उभी करतो, पार्किंगच्या रांगेत ताटकळत ठेवतो. हे मनात स्पष्ट झाल्यावर माझा तिच्यावरचा राग गेला. मी तिच्याकडून जे काम मागत होतो, त्याची सोय मीच करायची होती.

पत्र्यांना लूव्हर पाडले. प्रत्येक बाजूला तिरक्या अठरा चिरा, तोंडं मागच्या दिशेला. आरसा गेला. आता आयडलला तिथे हात धरला की गरम श्वास लागतो, आणि मला तो फार आवडतो.

गेल्या ऑगस्टमध्ये दुपारी परतताना रेल्वे फाटक लागलं. मालगाडी. चार इंजिनं पुढे, आणि मागे डबे संपेचनात. ऊन असं की डांबरावर हवा थरथरत होती. मी इंजिन बंद केलं नाही. फॅन लागला, काटा १९५ वर गेला, फॅन थांबला, काटा १८८ वर आला, फॅन पुन्हा लागला. मिनिटांमागून मिनिटं गेली. शेजारून बायकोचा हलका आवाज येत होता, "अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद..." मी वहीकडे पाहिलं. वही मागच्या सीटवर पडली होती, पेन्सिल तिच्यातच अडकवलेली. ती खिडकीबाहेर बघत डबे मोजत होती.